न झालेल्या आजारांच्या गोळ्या

एचआयव्हीचं निदान झालं तेव्हा माझा सीडी४, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा, होता ६८. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५०० ते १५०० च्या दरम्यान असतो. तो २०० च्या खाली गेला की एरवी कुणाचं काही न बिघडवणारे जंतूही डोकं वर काढतात, हे मला त्या दिवशी कळलं. एचआयव्ही मला कसा झाला ते इथे लिहिणार नाही, औषधांना त्याने काडीचाही फरक पडत नाही. लिहायचं आहे ते एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, जोडीला मिळणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांबद्दल. संधिसाधू संसर्ग होऊ नयेत म्हणून त्या देतात. त्यांच्याबद्दल बोललं फार कमी जातं, आणि माझा खरा झगडा झाला तो त्यांच्याशीच.

एआरटी मनाला लगेच पटते. विषाणू अंगात आहे, तो दाबायचा, सरळ हिशेब. प्रतिबंधक गोळीचं तसं नाही. न्यूमोनिया झालेला नाही, क्षयरोग नाही, मेंदूत काही नाही, तरी रोज गोळी घ्यायची. तिने मळमळलं, अंगावर पुरळ उठलं, तर ते सोसायचं कशाच्या जिवावर? आजाराने कण्हणारा माणूस औषधाचा त्रास काढतो, कारण उद्या बरं वाटेल ही आशा असते. इथे औषध घेऊन बरं वाटणारच नसतं. जे व्हायचं नाही ते झालं नाही, एवढाच त्याचा पुरावा.

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत कोणत्या आजारांची भीती आहे ते एकेक करून सांगितलं. न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया, टॉक्सोप्लाझ्मा, क्षयरोग, आणि मेंदूज्वर करणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी. क्रिप्टोकॉकसची रक्तातली अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध टळलं. टॉक्सोप्लाझ्माची आयजीजी, म्हणजे जुन्या संसर्गाची खूण असलेली अँटिबॉडी, मात्र पॉझिटिव्ह होती. म्हणजे तो परजीवी कधीतरी शरीरात शिरून झोपलेला आहे, आणि सीडी४ १०० च्या खाली असताना तो मेंदूत जागा होऊ शकतो. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं हे क्षयाचे चार प्रश्न विचारले. चारही उत्तरं ‘नाही’. तरी क्षयाची प्रतिबंधक गोळी पुढे लागणारच होती.

त्यांनी एक गोष्ट केली, जिचं मोल मला नंतर कळलं. सगळी औषधं एकदम सुरू केली नाहीत. आधी को-ट्रायमॉक्साझोल, काही दिवसांनी एआरटी, आणि क्षयाची प्रतिबंधक गोळी आयसोनायझिड त्याहून पुढे. मी म्हटलं, एकदाच काय ते सुरू करून टाका ना. त्या म्हणाल्या, “तिन्ही एकाच दिवशी दिली आणि अंगावर काही उठलं, तर मी धरू कोणाला?” आणि एक वही करायला सांगितली. नवीन गोळी कधी सुरू झाली, काय वाटलं, कधी वाटलं. कसं वाटलं याच्यापेक्षा कधी वाटलं हे नीट लिहा, असं बजावलं.

को-ट्रायमॉक्साझोल म्हणजे दोन औषधांची जोडी, ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम, रोज एक डबल स्ट्रेंग्थ गोळी. औषध जुनं आणि साधं. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तिथून जगाला एड्सची चाहूल लागली. हा न्यूमोनिया होण्याआधीच गोळी द्या, अशी अमेरिकेतली अधिकृत शिफारस यायला १९८९ उजाडलं. मधल्या काळात किती माणसं त्या एका न्यूमोनियाने गेली, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे झांबियात एचआयव्ही असलेल्या मुलांवर या औषधाची चाचणी झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष आले, आणि गोळी घेणाऱ्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी निघालं. मॅडमनी हे सांगितलं नसतं तर मी ती गोळी पहिल्याच त्रासात फेकून दिली असती, याची मला खात्री आहे.

त्रास सुरू झाला दुसऱ्या आठवड्यात. आधी अंग तापल्यासारखं वाटलं, मग पोटावर आणि छातीवर तांबूस ठिपके. संध्याकाळपर्यंत ते दंडांवर उतरले, एकमेकांत मिसळले, आणि खाज अशी की झोप लागेना. ताईने आरशासमोर उभं करून पाठ पाहिली आणि म्हणाली, “गोळी आजची घेऊ नकोस, पण आधी फोन लाव.” तेच केलं.

दवाखान्यात मॅडमनी पुरळाकडे पाहिलं ते सर्वांत शेवटी. आधी तोंड उघडायला लावून गालांच्या आतून, जिभेखालून बॅटरी फिरवली. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. लघवी करताना जळजळ होते का, विचारलं. तळहात, तळपाय पाहिले. मग एका ठिपक्यावर बोटाने दाबलं. रंग फिका झाला आणि परत आला. खाज आहे की दुखतंय, हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. या सगळ्यामागे एकच शोध होता. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाची गंभीर रिअ‍ॅक्शन सल्फाच्या औषधांनी होऊ शकते. तीत कातडी दुखते, फोड येतात, सोलवटते, तोंडात, डोळ्यांत, गुप्तांगात जखमा होतात. त्यातलं एकही चिन्ह असतं तर ते औषध जन्मात पुन्हा द्यायचं नसतं. माझ्यात नव्हतं. रक्त घेतलं, यकृताच्या तपासण्या जवळजवळ ठीक आल्या, ॲलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी थोड्या वाढलेल्या.

आता धरायचं कोणाला? एआरटीही तोवर सुरू झाली होती, आणि एआरटीतल्या डोल्यूटेग्रॅव्हिरनेही क्वचित पुरळ उठतं. वही उघडली. सल्फाची रिअ‍ॅक्शन बहुधा दुसऱ्या आठवड्यात ताप घेऊनच येते, आणि को-ट्रायमॉक्साझोलचा बरोबर तोच आठवडा होता. एआरटीला दोन-तीनच दिवस झाले होते. मॅडमनी को-ट्रायमॉक्साझोल थांबवलं आणि एआरटी एक दिवसही थांबवली नाही. तारखा हाताशी नसत्या तर दोन्ही थांबवावी लागली असती, आणि ६८ सीडी४ असताना एआरटी थांबवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

एचआयव्ही नसलेल्यांच्या मानाने एचआयव्ही असलेल्यांमध्ये ही रिअ‍ॅक्शन कितीतरी जास्त दिसते. सल्फा शरीरात मोडताना काही त्रासदायक घटक तयार होतात. ते निकामी करायला लागणारं ग्लुटाथायोन एचआयव्हीमध्ये कमी पडतं, हे त्याचं एक कारण मानतात. माझं शरीर नाजूक म्हणून किंवा मी पथ्य मोडलं म्हणून हे झालेलं नाही, एवढं मला त्यातून कळलं. त्या वेळी मला तेवढंच ऐकायचं होतं.

ॲलर्जीच्या गोळ्यांनी पुरळ उतरलं, कातडी थोडी कोरडी होऊन झडली. पण फुप्फुसं उघड्यावर होती. म्हणून मधल्या काळासाठी डॅप्सोन, रोज १०० मिलिग्रॅम. ते देण्याआधी जी६पीडी ही रक्ततपासणी करतात, कारण हे एन्झाइम जन्मतः कमी असेल तर डॅप्सोनने तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात. माझं नॉर्मल निघालं. डॅप्सोन एकटं टॉक्सोप्लाझ्माला पुरत नाही, त्याला पायरीमेथामिन आणि फोलिनिक ॲसिडची जोड लागते, त्यामुळे जमेल तेव्हा को-ट्रायमॉक्साझोलकडेच परत यायचं, असं मॅडमनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मला मात्र डॅप्सोनवर हायसं वाटलं. पुरळ नाही, ताप नाही, मळमळ नाही.

आणि मग जिना चढताना धाप लागू लागली.

पहिल्यांदा वाटलं अशक्तपणा. मग डोकं जड राहायला लागलं. एके सकाळी ताई माझ्याकडे बघतच राहिली. “तुझे ओठ असे का दिसतायत?” राखाडी-निळसर झाले होते, नखांच्या मुळाशीही तोच रंग. घरातलं ऑक्सिमीटर बोटाला लावलं, ८८. काढून पुन्हा लावलं, दुसऱ्या बोटाला लावलं, ८८ च. ताईच्या बोटाला ९८.

या क्षणाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण यातून जाणाऱ्या कुणालाही तीच भीती वाटेल जी मला वाटली. धाप लागणं आणि ऑक्सिजन खाली जाणं ही न्यूमोसिस्टिसची ठळक लक्षणं. ज्याच्यासाठी इतके दिवस गोळ्या घेतल्या तोच आजार दारात उभा आहे, गोळ्या फुकट गेल्या, असंच मी धरून चालले. इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरांनाही आधी तेच वाटलं. ऑक्सिजन लावला. आकडा हलेना. छातीचा एक्स-रे स्वच्छ. सीटी स्कॅन केला, न्यूमोसिस्टिसमध्ये फुप्फुसांवर दिसते ती धूसर, काचेवरच्या वाफेसारखी छटा कुठेच नव्हती. रक्तातला एलडीएच, म्हणजे पेशींना इजा झाली की वाढणारं एक एन्झाइम, वाढलेला होता. तो न्यूमोसिस्टिसमध्येही वाढतो आणि तांबड्या पेशी फुटल्यावरही वाढतो, त्यामुळे त्यावरून काही ठरेना. ताप नाही, कोरडा खोकलाही नाही.

धमनीतून रक्त काढलं तेव्हा सिरिंजकडे माझं लक्ष गेलं. धमनीतलं रक्त लालभडक असायला हवं. हे गडद तपकिरी होतं, जवळजवळ चॉकलेटच्या रंगाचं. नर्सने ते डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून हवेत धरला. रंग बदलला नाही. साधं ऑक्सिजन कमी असलेलं रक्त हवा लागली की लाल होतं. त्यांनी मला विचारलं, “डॅप्सोन घेता का?”

को-ऑक्सिमेट्री नावाची तपासणी झाली आणि मेथहिमोग्लोबिन १८ टक्के निघालं. एरवी ते एक टक्क्याच्या आसपास असतं. डॅप्सोन शरीरात मोडतं तेव्हा तयार होणारा एक पदार्थ हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतो. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरू शकत नाही, आणि जे चांगलं उरतं तेही आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजी सोडत नाही. बोटावरचं ऑक्सिमीटर दोन रंगांच्या प्रकाशावर चालतं. मेथहिमोग्लोबिन ते दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच शोषतं, म्हणून ते वाढत गेलं की यंत्राचा आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो, ऑक्सिजन कितीही लावा. फुप्फुसं चांगली होती, रक्तात विरघळलेला ऑक्सिजनही भरपूर होता. बिघाड होता तो वाहून नेणाऱ्यात. शिवाय हिमोग्लोबिन ९.२ पर्यंत उतरलं होतं, कारण जी६पीडी नॉर्मल असलं तरी डॅप्सोन काही पेशी फोडतंच. मुळात रक्त कमी आणि त्यातलंही काही निकामी, म्हणून धाप.

डॅप्सोन बंद केलं. मेथहिमोग्लोबिनचं प्रमाण जास्त असतं तर मिथिलीन ब्लू हे उताऱ्याचं औषध शिरेतून दिलं असतं, पण माझ्या बाबतीत देखरेखीखाली वाट पाहायचं ठरलं. डॅप्सोन शरीरातून सावकाश जातं, अर्धं कमी व्हायलाच साधारण ३० तास लागतात, त्यामुळे ओठांचा रंग रातोरात परतला नाही. पण तो परतला. या रिअ‍ॅक्शनबद्दल मी एवढंच म्हणेन की डॅप्सोन घेणाऱ्या प्रत्येकाने ‘निळे ओठ, धाप, ऑक्सिजन लावूनही न वाढणारा आकडा’ हे तीन शब्दगट घरच्यांना पाठ करून ठेवायला सांगावेत, आणि दवाखान्यात गेल्यावर आपण होऊन डॅप्सोनचं नाव घ्यावं. माझ्या ताईला ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. जिना चढताना लागणारी धाप मी काही दिवस अशक्तपणाच्या खात्यात टाकली ती त्यामुळेच.

डॅप्सोनचा आणखी एक प्रकार मॅडमनी सांगितला, जो मला झाला नाही: चार ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, लसिकाग्रंथींना सूज आणि यकृताला दाह, सगळं एकत्र. त्यात जीवही जाऊ शकतो. तिथेही ‘कधी’ हाच धागा. को-ट्रायमॉक्साझोल दुसऱ्या आठवड्यात बोलतं, डॅप्सोनचा हा प्रकार महिन्याभराने.

आता उरलं काय? ॲटोव्हाक्वोन होतं. ते स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावं लागतं, नाहीतर नीट शोषलंच जात नाही. महिन्यातून एकदा वाफेतून पेंटॅमिडीन घेता येतं, पण ते फक्त फुप्फुसांपुरतं, टॉक्सोप्लाझ्माला त्याचा उपयोग नाही, आणि घेताना खोकल्याची उबळ येऊ शकते. मॅडम म्हणाल्या, “आपण परत को-ट्रायमॉक्साझोलकडे जाऊ. पण यावेळी पायऱ्या-पायऱ्यांनी.” मी हादरलेच. ज्याने अंगावर आग उठवली तेच पुन्हा? त्यांनी समजावलं की पुरळ सौम्य होतं, फोड नव्हते, तोंडात जखमा नव्हत्या, आणि ते उतरून दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ गेला आहे. अशांना डिसेन्सिटायझेशन, म्हणजे थोड्या डोसपासून वाढवत जाऊन शरीराला औषधाची सवय करणं, करता येतं, आणि बऱ्याच जणांना नंतर तेच औषध सोसतं. गंभीर रिअ‍ॅक्शन झालेल्याला हे कधीच करायचं नाही, हे त्यांनी तीन वेळा तरी म्हटलं असेल.

लहान मुलांना देतात ते पातळ औषध घेतलं, ५ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम आणि २०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल असलेलं. आदल्या दिवसापासून ॲलर्जीची गोळी. पहिल्या दिवशी २ मिलिलिटर, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या ६, चौथ्या ८. पाचव्या दिवशी साध्या ताकदीची एक गोळी, सहाव्यापासून दोन, म्हणजे पूर्ण डोस. चमच्याने मोजायचं नाही, म्हणून सुई नसलेली तोंडाने औषध द्यायची सिरिंज मिळाली. बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं आणि वरचं पाणी २ मिलिलिटर घेतलं तर डोस पोटात गेलाच नाही असं होतं. सिरिंजमधला बुडबुडा वर टिचकी मारून काढायचा, दट्ट्याची काळी कड रेघेवर आणायची. ताई चष्मा लावून तपासायची. पहिला डोस दवाखान्यात बसून घेतला, पुढचे घरी, रोज फोनवर कळवून.

तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मनगटांना खाज आली. काळीज धडधडलं. तोंड पाहिलं, डोळे पाहिले, ताप मोजला, काही नाही. मॅडमनी त्याच पायरीवर एक दिवस जास्त थांबवलं आणि ॲलर्जीची गोळी चालू ठेवली. खाज गेली. पूर्ण डोसवर आल्यावर पुरळ पुन्हा उठलं नाही. फक्त एक बंधन राहिलं, मध्ये खंड पाडायचा नाही. काही दिवस गोळी चुकली तर शरीराची ही सवय मोडू शकते, आणि मग थेट पूर्ण डोस घेणं धोक्याचं.

यानंतर रक्ततपासण्यांनी थोडं छळलं. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ झालं आणि मला वाटलं मूत्रपिंडं गेली. ट्रायमेथोप्रिम आणि डोल्यूटेग्रॅव्हिर दोन्ही क्रिएटिनिन लघवीवाटे बाहेर टाकण्याची एक वाट अडवतात. मूत्रपिंडाची गाळणी तीच असते, आकडा मात्र चढतो. एआरटीतलं टेनोफोव्हिर मूत्रपिंडाला खरोखर इजा करू शकतं म्हणून लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासली. नव्हती. आकडा तिथेच थांबला. पोटॅशियम वाढून ५.४ झालं, कारण ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम अडवून धरतं. त्यावर आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांना मनाई आणि लवकर पुन्हा तपासणी, एवढंच केलं, आणि ते खाली आलं. रक्तदाबाची काही औषधंही पोटॅशियम वाढवतात. ती घेणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

सगळं स्थिरावल्यावरच आयसोनायझिड सुरू झालं, ३०० मिलिग्रॅम रोज, सोबत बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन. त्याने मला थकवा आला आणि तोंड बेचव झालं. यकृताचं एएलटी हे एन्झाइम ४० च्या आत असायला हवं, ते ९२ वर गेलं. पण मळमळ-उलटी नाही, पोटात उजवीकडे दुखत नाही, डोळे पिवळे नाहीत. त्रास होत असेल तर कमाल मर्यादेच्या तिप्पट, आणि काहीच त्रास नसेल तर पाचपट झाल्यावर ही गोळी थांबवतात. मी दुपटीच्या थोडी वर होते. आयसोनायझिड घेणाऱ्या दहा ते वीस टक्के लोकांत हे आकडे असे तात्पुरते वाढतात आणि गोळी चालू असतानाच बहुधा उतरतात. माझे उतरले. दारू बंद हे सांगितलं होतंच, मला तो प्रश्नच नव्हता. पायांच्या बोटांना मुंग्या आल्या तेव्हा मी म्हटलं, बी६ दुप्पट घेते. मॅडमनी हात वर करून थांबवलं. बी६ बेसुमार झालं तर तेही नसांना इजा करतं. त्यांनी घोट्याचा रिफ्लेक्स पाहिला, ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवून कंप कधी थांबतो ते विचारलं, आणि डोस त्यांनीच थोडा वाढवला. मुंग्या हळूहळू विरल्या.

वेटिंगमध्ये ओळख झालेले एक काका क्षयासाठी दुसराच कोर्स घेत होते, आठवड्यातून एकदा आयसोनायझिड आणि रिफापेंटिन, असे १२ आठवडे. लघवी केशरी होते हे त्यांना सांगितलेलं होतं, पण गोळ्या घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगदुखी आणि कणकण येई, त्याला घाबरून ते कोर्स सोडायच्या बेतात होते. ते मॅडमना सांगा, असं मी त्यांना विनवलं. पॅरासिटामॉल आणि थोडं निरीक्षण यावर त्यांचा कोर्स पुरा झाला. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर होऊन गेलेल्या एक मावशी महिनोन्‌महिने फ्लुकोनाझोलवर होत्या. त्यांचे केस पुंजक्यांनी गळायचे आणि एचआयव्हीनेच गळतात असं त्या धरून बसल्या होत्या. जास्त डोसमध्ये दीर्घकाळ फ्लुकोनाझोल घेतल्यावर हे होतं. पुढे डोस २०० मिलिग्रॅमवर आल्यावर काही महिन्यांनी डोक्यावर नवे, आखूड केस दिसायला लागले. मला वाईट वाटतं ते याचं, की त्या इतके महिने गप्प राहिल्या. इतक्या मोठ्या आजारातून वाचलो, आता केसांचं काय रडायचं, असं त्यांना वाटे. मरणातून वाचलेल्या माणसालाही केसांबद्दल बोलायचा हक्क आहे.

क्षयाच्या जातकुळीतल्या दुसऱ्या एका संसर्गापासून (एमएसी) वाचवणारं ॲझिथ्रोमायसिन माझ्या वाट्याला आलं नाही. सीडी४ ५० च्या खाली असेल तर पूर्वी दर आठवड्याला १२०० मिलिग्रॅम देत, आणि पोट बिघडायचं. एआरटी लगेच सुरू होत असेल तर आता अनेक ठिकाणी ते देतच नाहीत.

या गोळ्या जन्मभराच्या नसतात, हे मला सुरुवातीला कुणी ठसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एआरटीने व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबला, सीडी४ २०० च्या वर गेला आणि तीन महिन्यांहून जास्त तिथे टिकला, की न्यूमोसिस्टिस आणि टॉक्सोप्लाझ्मा दोन्हींची प्रतिबंधक गोळी बहुधा थांबवता येते. जिथे मलेरिया आणि जिवाणूंचे गंभीर संसर्ग जास्त आहेत तिथे ती पुढेही चालू ठेवतात, म्हणून थांबवायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. माझा सीडी४ २१४ आला, मग तीन महिन्यांनी २६१. व्हायरल लोड सापडत नव्हता. मॅडमनी को-ट्रायमॉक्साझोलवर रेघ मारली. आयसोनायझिडचा कोर्स त्याआधीच संपला होता.

माझ्या कार्डावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय: डॅप्सोन, मेथहिमोग्लोबिन १८ टक्के, पुन्हा देऊ नये. को-ट्रायमॉक्साझोल, दुसऱ्या आठवड्यात ताप आणि पुरळ, फोड नाहीत, डिसेन्सिटायझेशननंतर सोसलं. नुसतं ‘सल्फाची ॲलर्जी’ असं लिहिलं असतं तर पुढच्या डॉक्टरांना त्यातून काहीच कळलं नसतं. सीडी४ पुन्हा २०० च्या खाली उतरला तर ही गोळी पुन्हा लागेल, आणि मध्ये एवढा खंड पडल्यावर ती थेट घ्यायची नाही, २ मिलिलिटरपासूनच सुरू करायची, हेही त्याच कार्डावर आहे.